गिनतीला कोण उभं राहिलं?

बहात्तर साल म्हटलं की नातेपुत्यात आजही दुष्काळाच्या गोष्टी निघतात. खडी फोडायची कामं, मिलो, सुकडी, चाऱ्यावाचून दावणीतून गेलेली जनावरं. त्याच बहात्तरच्या ऑगस्टात, १२ तारखेच्या मध्यरात्री, तिकडे रावळपिंडीत वादळ सुटलं, पाऊस कोसळला आणि त्या पावसाच्या आडोशाने भारतीय हवाई दलाचे तीन अधिकारी युद्धकैद्यांच्या छावणीची भिंत फोडून रस्त्यावर आले. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर, फ्लाइट लेफ्टनंट मल्विंदरसिंग ग्रेवाल आणि फ्लाइंग ऑफिसर हरीश सिंहजी. तिघांचे म्होरके परुळकर, ऐन तिशीतला मराठी वैमानिक.

ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी माहीत असायला हवी होती. ती नाही. परुळकर निवृत्तीनंतर पुण्यात राहत होते. १० ऑगस्ट २०२५ रोजी ते गेले, तेव्हा वर्तमानपत्रांत चार दिवस बातम्या आल्या आणि मग विषय मागे पडला.

नातेपुतं हे पुणे-पंढरपूर रस्त्यावरचं, माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचं गाव. एका अंगाला नीरा उजव्या कालव्याचं पाणी आणि ऊस. दुसऱ्या अंगाला शिखर शिंगणापूरचा डोंगर आणि त्यापलीकडे माण-खटावचं कोरडं रान. पावसाचा भरवसा नसलेल्या या रानातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेली. त्यामुळे आमच्याकडे लढाईचा चित्रपट पाहणारा प्रेक्षक निराळा आहे. पडद्यावर बंदूक कशी धरली आहे, सलाम कसा ठोकला आहे, हे तो आधी बघतो. या लेखाच्या निमित्ताने मी काही निवृत्त फौजींबरोबर बसून ‘१९७१’ हा हिंदी चित्रपट पाहिला. पाकिस्तानच्या कैदेत खितपत पडलेले सहा भारतीय जवान पळून जाण्याचा बेत रचतात, त्याची ही कथा. चित्रपट संपला. सगळे गप्प होते. मग एका हवालदारांनी विचारलं, की हे पळाले ते ठीक, पण सकाळी गिनतीला कोण उभं राहिलं?

गिनती म्हणजे हजेरी. कैदेत ती दिवसातून अनेकदा होते. तीन माणसं कमी भरली की पहारेकऱ्यांचा सगळा राग उरलेल्यांवर निघतो. हे पळणाऱ्याला माहीत असतं, मागे राहणाऱ्यालाही माहीत असतं, आणि तरीही मागे राहणारा मदत करतो. हवालदारांचा तो प्रश्न ऐकल्यावर मला पलायनाच्या सगळ्याच कथा वेगळ्या दिसू लागल्या. त्यातली सर्वांत जवळची, आपली म्हणता येईल अशी कथा परुळकरांची आहे, म्हणून ती नीट सांगतो.

परुळकर १९६३ साली हवाई दलात अधिकारी झाले. १९६५च्या युद्धात हंटर विमानातून शत्रूवर मारा करत असताना जमिनीवरून आलेली गोळी त्यांच्या उजव्या खांद्यात शिरली. तशा स्थितीत त्यांनी विमान परत आणलं. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळालं. पुढे, आपण कधी शत्रूच्या हाती सापडलोच तर कैदेत बसून राहणार नाही, निसटणार, असं त्यांनी आपल्या वरिष्ठांना बोलून दाखवलं होतं. तरुण वैमानिक असं बोलतात. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं सुखोई-७ विमान जफरवालजवळ पाडलं गेलं आणि तो शब्द खरा करण्याची वेळ आली.

रावळपिंडीच्या छावणीत हवाई दलाचे बारा अधिकारी होते. सर्वांत ज्येष्ठ विंग कमांडर कोएल्हो. स्क्वाड्रन लीडर धीरेंद्र जाफा होते. या कैदेवर पुढे त्यांनी पुस्तक लिहिलं. सुरुवातीला प्रत्येकाला वेगळं कोंडलं होतं. चौकशा झाल्या. मग हळूहळू एकत्र बसायची, खेळायची मुभा मिळाली. छावणीचा प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हा सभ्य माणूस होता. नाताळात त्याने कैद्यांसाठी केक आणल्याची आठवण जाफांनी सांगितली आहे. हा उस्मान ध्यानात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

युद्ध थांबलं होतं. भारताच्या ताब्यात ९३ हजार पाकिस्तानी कैदी होते. २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला आणि छावणीत सगळ्यांना वाटलं, आता सुटका आलीच. ती आली नाही. कैद्यांचा प्रश्न वाटाघाटींत अडकून पडला. परुळकरांचं काम मात्र त्याआधीच सुरू झालेलं होतं.

बेताची तयारी वाचताना माणूस थक्क होतो, कारण त्यात यंत्र म्हणावं असं काहीच नाही. शाळेतल्या मुलांच्या नकाशासंग्रहावरून वाट ठरवली. शिवणाची सुई बॅटरीच्या विजेने चुंबकित करून फ्लाइट लेफ्टनंट चाटी यांनी होकायंत्र बनवलं. वैमानिकाच्या जी-सूटमधल्या रबरी पिशव्यांचे पाण्याचे बुधले झाले. जिनिव्हा करारानुसार मिळणारा हातखर्च आणि रेडक्रॉसच्या पार्सलातला सुका खाऊ साठवला. पठाणी पोशाख मिळवले. पाचव्या क्रमांकाच्या कोठडीच्या भिंतीतल्या विटांभोवतीचा चुना-सिमेंट सुरी-कात्रीने कोरत कोरत एकेक वीट मोकळी केली आणि पडणारा चुरा रेडक्रॉसच्याच रिकाम्या खोक्यांत भरून पलंगाखाली सारला. बाहेरच्या बाजूचा गिलावा इतका कठीण निघाला, की ठरलेली वेळ पुढे ढकलावी लागली.

सगळेच कैदी या बेताला अनुकूल नव्हते, आणि त्यांना भित्रं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. करार झाला आहे, आज ना उद्या सोडतील, मग तीन माणसांच्या हौसेपायी बाकीच्यांनी हाल का सोसावेत, हा त्यांचा सवाल रास्त होता. त्यातले काही विमानातून उडी मारताना जायबंदी झालेले. त्यांना पळणं शक्यच नव्हतं. शिक्षा मात्र त्यांनाही होणार होती. तरी कोणी बोभाटा केला नाही. भिंत कोरली जात असताना कुणी पहारेकऱ्यांवर नजर ठेवली, कुणी त्यांना बोलण्यात गुंतवलं. चाटी त्याच कोठडीत राहायचे. होकायंत्र त्यांनी बनवलं, मदत शेवटपर्यंत केली, पण बाहेर पडले तिघेच.

१२ ऑगस्टच्या रात्री धुळीचं वादळ आलं, पाठोपाठ पाऊस. बाहेरच्या चौकीदाराने डोक्यावरून कांबळं ओढून घेतलं होतं. तिघे भोकातून सरपटत बाहेर आले, आवाराच्या भिंतीवरून उतरले आणि मॉल रोडवर पोहोचले. तेवढ्यात जवळच्या थिएटरातला रात्रीचा खेळ सुटला होता. घरी निघालेल्या प्रेक्षकांच्या गर्दीत तिघे मिसळून गेले. युद्धकैद्यांच्या पलायनावर इतके चित्रपट निघाले, पण सिनेमा पाहून परतणाऱ्या लोकांच्या आडोशाने निसटलेले कैदी एखाद्या पटकथाकाराला सुचले असते तर आपण त्याला फार जुळवून आणलंस असं म्हणालो असतो. सिंहजींच्या तोंडून आनंदाने ‘आझादी’ निघालं. ग्रेवालांनी तिथेच थांबवलं, इतक्यात नाही म्हणून.

बसने पेशावर. तिथून टांगा, थोडी पायपीट, पुन्हा बस, आणि सकाळी खैबर खिंडीतलं लंडीकोतल. अफगाणिस्तानची सरहद्द तिथून चार-पाच मैलांवर. नावंही ठरलेली होती: फिलिप पीटर, अली अमीर आणि हॅरल्ड जेकब; पाकिस्तानी हवाई दलाच्या लाहोर तळावरचे लोक, सुट्टीत फिरायला निघालेले.

घात केला नकाशाने. नकाशात लंडीकोतलच्या पुढे लंडीखाना नावाचं रेल्वे स्टेशन होतं. इंग्रजांनी १९२६ साली रेल्वे तिथवर नेली होती आणि १९३२ साली तो तुकडा बंदही केला होता. चाळीस वर्षं जिथे गाडी गेली नाही, त्या स्टेशनाची वाट तिघे विचारत होते. त्या दिवसांत पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोक याच मार्गाने चोरून अफगाणिस्तानात जात. तहसीलदार कचेरीतल्या एका अर्जनविसाला वाटलं, हे बंगालीच. त्याने अडवलं, गर्दी जमली, झडती झाली आणि तिघांना तहसीलदारापुढे उभं केलं.

आदिवासी मुलुखात, कायद्यापेक्षा बंदूक चालणाऱ्या जागी, तीन संशयित हेर. त्यांचं तिथे काहीही होऊ शकलं असतं. परुळकरांनी आग्रह धरला, की हवाई दलप्रमुखांच्या एडीसींना, म्हणजे सहायक अधिकाऱ्यांना, फोन लावा. ते एडीसी म्हणजे छावणीचा पूर्वीचा प्रमुख, तोच उस्मान. फोनवर तो स्वतः भेटला. परुळकरांनी त्याला खरं काय ते सांगितलं. उस्मानने तहसीलदाराला बजावलं, ही आमची माणसं आहेत, यांना ताब्यात ठेवा पण हात लावू नका. या एका वाक्याने तिघांचे जीव वाचले. युद्ध लढलेल्या शत्रूच्या अधिकाऱ्यावर परुळकरांनी टाकलेला तो विश्वास आणि त्या अधिकाऱ्याने राखलेली इभ्रत, माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत मोठा प्रसंग तो आहे. भिंत फोडण्याहून मोठा.

रावळपिंडीत मग गिनती झाली. उरलेल्यांच्या सवलती गेल्या, पहारा कडक झाला. पुढे सर्वांनाच लायलपूरच्या तुरुंगात हलवलं, आजचं फैसलाबाद. १९४९चा तिसरा जिनिव्हा करार सांगतो, की पळताना पकडल्या गेलेल्या युद्धकैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते आणि ती तीस दिवसांहून अधिक असू शकत नाही. पळण्याचा प्रयत्न हा सैनिकाने केलेला गुन्हा मानला जात नाही. १ डिसेंबर १९७२ रोजी सहाशेहून अधिक भारतीय कैदी वाघा सीमेवरून परत आले. त्यात हे बाराही अधिकारी होते.

कैद्याला जपणारे असे नियम पायदळी तुडवले की काय होतं, हे पाहायचं तर ‘द ग्रेट एस्केप’कडे वळावं लागतं. जॉन स्टर्जेसचा १९६३चा हा चित्रपट या प्रकारातला सर्वांत गाजलेला. मोटारसायकलवरून काटेरी तारेवर झेप घेणारा स्टीव्ह मॅक्वीन जगभर पोहोचला. ती झेप मात्र मुळात कधी घडलेलीच नाही. चित्रपटातही ती मॅक्वीनऐवजी बड एकिन्स या कसबी चालकाने घेतली होती. झागान गावाजवळच्या जर्मन छावणीत प्रत्यक्षात घडलं ते असं. रॉजर बुशेल या वैमानिकाच्या नेतृत्वाखाली टॉम, डिक आणि हॅरी असे तीन बोगदे खणले गेले. पलंगांच्या फळ्या काढून बोगद्यांना आधार दिला. खालची पिवळी वाळू विजारीत लपवलेल्या पिशव्यांतून मैदानात सांडली. खोटे कागदपत्र करणारे वेगळे, कपडे शिवणारे वेगळे, पहारेकऱ्यांच्या वेळा टिपणारे वेगळे. सुमारे सहाशे माणसं या कामात होती. २४ मार्च १९४४च्या रात्री हॅरीतून बाहेर पडले ७६. बोगद्याचं तोंड झाडीच्या अलीकडेच उघडलं आणि सत्त्याहत्तरावा माणूस पहारेकऱ्याच्या नजरेस पडला.

७६ पैकी ७३ पकडले गेले. त्यातल्या पन्नास जणांना हिटलरच्या हुकमाने गोळ्या घातल्या. तिघेच सुटले, दोन नॉर्वेजियन आणि एक डच. या पन्नास खुनांचे खटले युद्धानंतर हॅम्बुर्गमध्ये चालले. चित्रपट त्या पन्नासांना अर्पण केलेला आहे, आणि त्याबद्दल त्याला मान द्यायला हवा. पण सहाशेंपैकी जे पाचशेहून अधिक आतच राहिले, ज्यांनी वर्षभर वाळू वाहिली आणि ज्यांचा क्रमांक लागला नाही, त्यांच्यापाशी कॅमेरा फार थांबत नाही.

मराठी माणसाला हा मागे राहणारा अनोळखी नाही. आमच्या शिंगणापूरचा शंभू महादेव हा भोसल्यांचा देव. तिथला तलाव मालोजीराजांनी बांधला. त्यांचा नातू १७ ऑगस्ट १६६६ रोजी आग्र्याहून निसटला. पेटाऱ्यांची गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना पाठ असते. बखरी त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगतात. महाराजांच्या पलंगावर त्यांचं कडं घातलेला हात बाहेर काढून हिरोजी फर्जंद निजला आणि मदारी मेहतर पाय चेपत बसला. पहारेकऱ्यांनी डोकावून पाहिलं, तेव्हा गिनती बरोबर भरली. ऑगस्टातलीच ती घटना, रावळपिंडीच्या पलायनाच्या तीनशे सहा वर्षं आधीची. हिरोजीला आम्ही विसरलो नाही, यात मराठी मनाचं काहीतरी चांगलं दिसतं.

शेजारच्या सांगलीतही २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तुरुंग फोडून भर दिवसा बाहेर पडले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात गोळ्यांना बळी पडले, दादा खांद्याला गोळी लागून पुन्हा पकडले गेले. ते युद्धकैदी नव्हते, राजकैदी होते. पण या भागात पलायन म्हटलं की जुन्या लोकांना आधी सांगली आठवते, म्हणून हा उल्लेख.

आता एक गोष्ट, जी चित्रपटात अजून यायची आहे. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पकडलेले हजारो भारतीय जवान इटली आणि जर्मनीच्या छावण्यांत होते. त्यातले बरेचसे फ्रान्समधल्या एपिनाल गावातल्या छावणीत आणून ठेवले होते. ११ मे १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी एपिनालवर बॉम्ब टाकले. छावणीतले कित्येक भारतीय त्यात मारले गेले, पण भिंती कोसळल्या आणि उरलेले बाहेर पडले. जंगलातून, डोंगरातून, भाषा येत नसताना, कातडीचा रंग लपवता येत नसताना, सुमारे पाचशे जण चालत स्वित्झर्लंडला पोहोचले. झागानमधून तिघे सुटले, एपिनालमधून पाचशे. एवढं मोठं यशस्वी पलायन जगाला ऐंशी वर्षं फारसं माहीत नव्हतं. वाटेत फ्रेंच शेतकऱ्यांनी त्यांना पाव दिला, गोठ्यात निजू दिलं. एतोबों नावाच्या लहानशा गावाने अशीच मदत केली. त्याच साली सप्टेंबरात जर्मनांनी प्रतिकाराचा सूड म्हणून त्या गावातल्या ३९ पुरुषांना गोळ्या घातल्या. मागे राहणारे नेहमी छावणीच्या आतच असतात असं नाही.

‘१९७१’ हा चित्रपट अमृत सागर यांचा, २००७ सालचा. मनोज वाजपेयी, रवी किशन, मानव कौल, दीपक डोब्रियाल, कुमुद मिश्रा यांनी त्यात काम केलं. थिएटरात तो चालला नाही. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तरी लोकांपर्यंत पोहोचला नाही. २०२० साली टाळेबंदीत यूट्यूबवर फुकट आला आणि मग लाखोंनी पाहिला. खेड्यापाड्यांत तो मोबाइलवरच पोहोचला. कथा काल्पनिक आहे. १९७७ साली, युद्ध संपून सहा वर्षं झाल्यावर, जगापासून लपवून ठेवलेले कैदी त्यात पळतात. पण काल्पनिक म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण त्याच्या मुळाशी चोपन्न नावांची खरी यादी आहे. १९७१च्या युद्धात बेपत्ता झालेले आणि पाकिस्तानच्या कैदेत असल्याचा संशय असलेले ते चोपन्न भारतीय. १९७९ साली लोकसभेत अशा बेपत्तांची यादी मांडली गेली. पाकिस्तानने असे कैदी आपल्याकडे असल्याचं नाकारलं.

त्या यादीत एक नाव आहे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं सुखोई शोरकोटवर पाडलं गेलं. पकडलेल्या वैमानिकांची नावं पाकिस्तानी वर्तमानपत्रात छापून आली, त्यात ‘टॉम्बे’ असं एक नाव होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांनी पुढची पन्नास वर्षं पत्रं लिहिली, मंत्र्यांना भेटल्या. २००७ साली बेपत्ता जवानांचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत शोध घ्यायला गेले, त्यांत त्या होत्या. हाती काही लागलं नाही.

परुळकर आणि तांबे, दोघे मराठी, दोघे सुखोई-७ चे वैमानिक, पाच दिवसांच्या अंतराने पाडले गेले. एक वर्षाच्या आत वाघ्यावरून परतला. दुसऱ्याची गिनती अजून पूर्ण झालेली नाही.

परुळकरांच्या पलायनावर तरनजीतसिंग नामधारी यांनी चित्रपट केला. फेथ जॉन्स्टन या कॅनडाच्या लेखिकेने इंग्रजीत पुस्तक लिहिलं. दोघेही महाराष्ट्राबाहेरचे. त्यांनी ते केलं याबद्दल आपण ऋणी असायला हवं. पण ही कथा मराठीत, मराठी दिग्दर्शकाने करावी असं मला मनापासून वाटतं. त्याला बोगदे, मोटारसायकली, मोठा खर्च काही लागणार नाही. एक कोठडी, चार पलंग, एक सुई, लंडीकोतलचं चहाचं दुकान आणि टेलिफोन. आणि कॅमेरा भिंतीच्या आत शेवटपर्यंत राहिला पाहिजे, चाटींपाशी, कोएल्होंपाशी, जायबंदी पायांनी पलंगावर बसून बाहेरच्या पावसाकडे कान लावलेल्या माणसांपाशी.

ते होईल तेव्हा होईल. तोवर एक काम आपल्या हातातलं आहे. माळशिरस, माण, खटाव, फलटण या तालुक्यांत, सातारा-सांगलीच्या कुठल्याही गावात, ज्यांचे आजोबा-पणजोबा महायुद्धावर गेले होते, त्यांनी घरातली पत्र्याची पेटी एकदा उघडावी. डिस्चार्ज बुक, मेडल, छावणीतून रेडक्रॉसमार्फत आलेलं एखादं कार्ड, इटलीतला किंवा जर्मनीतला जुना फोटो सापडला तर तो भंगारात किंवा रद्दीत जाऊ देऊ नये. मागच्या बाजूला नाव, गाव, पलटण पेन्सिलने लिहून ठेवावं, मोबाइलवर त्याचं स्वच्छ छायाचित्र काढावं आणि एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा त्या पलटणीच्या केंद्रात पाठवावी. एपिनालहून चालत निघालेल्या पाचशेंमध्ये आपल्याकडचा कोणी होता का, हे त्या पेटीतूनच कळेल.